राहीबाईंचा आवाज आणि माझे नऊ कंडेन्सर

मी एक जुना प्रीॲम्प्लिफायर आहे. नाव ऐकून बिचकू नका. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मला या नावाने कुणी कधी हाक मारलीच नाही. कुणी ‘मशीन’ म्हणायचं, कुणी ‘डबा’, आणि लग्नाच्या मांडवातली पोरं ‘आवाजाचं खोकं’ म्हणून मोकळी व्हायची.

मित्रांनो, लाऊडस्पीकरचा कर्णा तुम्ही पाहिला असेल. लिंबाच्या फांदीला बांधलेला आणि तोंड वासून बसलेला. लोक त्याच्याकडे बघून म्हणतात, काय खणखणीत आवाज आहे. त्याच्यामागे ॲम्प्लिफायर असतो, जाडजूड आणि तापट. त्याचंही कौतुक होतं. पण माईकमधून येणारा आवाज इतका बारीक असतो, की तो थेट त्या जाडजूड गृहस्थाला दिला तर त्याला काही कळणारच नाही. त्या बारीक आवाजाला आधी कुणीतरी हाताला धरून उभं करावं लागतं, त्याचा खर्ज आणि त्याची धार नीट लावावी लागते आणि मगच पुढे पाठवावं लागतं. ते काम माझं. राबायचं मी आणि नाव व्हायचं कर्ण्याचं, असं कितीतरी वर्षं चाललं. मी जरा कुरकुऱ्या आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माझा जन्म नगरचा. आता अहिल्यानगर म्हणतात, पण तेव्हा सगळे नगरच म्हणायचे. तिथे राधाकृष्ण नावाचे एक रेडिओ मिस्त्री होते. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी पत्रा स्वतःच्या हाताने वाकवला आणि माझी पेटी केली. पुढच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टोकदार खिळ्याने ‘माईक १’, ‘माईक २’, ‘रेकॉर्ड’ अशी अक्षरं कोरली. आवाज तपासायला हेडफोनसाठी एक भोक ठेवलं. कथलाचा डाग देताना ते श्वास रोखून धरायचे आणि गिऱ्हाईक कितीही हाका मारो, डाग थंड झाल्याशिवाय मान वर करायचे नाहीत. तीन आठवडे त्यांनी माझ्यावर घालवले. अशा माणसाने आपल्याला घडवलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

माझ्या पोटात त्यांनी नऊ कंडेन्सर बसवले. हल्लीची मुलं त्यांना कपॅसिटर म्हणतात. लहान लहान नळकांड्या त्या. वीज क्षणभर साठवायची, तिची घरघर गाळायची आणि आवाज तेवढा पुढे जाऊ द्यायचा, हे त्यांचं काम. माझ्यातल्या प्रत्येक कंडेन्सरला एक अधिकची बाजू असते आणि एक उण्याची. ती उलटी लागली तर तो तापतो आणि फुटतो.

मला घ्यायला आले ते काकासाहेब. पंचविशीतला उमदा माणूस, नुकताच लाऊडस्पीकरचा धंदा सुरू करत होता. राधाकृष्ण मिस्त्रींनी मला त्यांच्या हातात देताना सांगितलं, “काकासाहेब, या कंडेन्सरच्या पोटात ओलावा असतो. वीसेक वर्षांत तो वाळतो. तेव्हा एवढे नऊ बदलून घ्या, बाकी पेटी नातवंडांनाही पुरेल.” काकासाहेबांनी मान डोलावली. पंचविशीत वीस वर्षं म्हणजे पुढच्या जन्माची गोष्ट वाटते, त्यामुळे ते तिथेच विसरले.

मग सुरू झाली माझी कामाची वर्षं. लग्नं, हरिनाम सप्ताह, कुस्त्यांचा हगामा, दुष्काळातल्या ग्रामसभा, सगळीकडे मी गेलो. मी माणसांना चेहऱ्याने ओळखत नाही. माईकसमोर ती कशी वागतात यावरून ओळखतो. काहीजण आधी माईकवर बोटाने टकटक करतात. काहीजण त्यात जोरजोरात फुंकतात, जणू चूल पेटवायची आहे. ती फुंकर थेट माझ्या अंगावर यायची आणि मला त्या माणसाचा राग यायचा. पुढारी माईक जवळजवळ तोंडात घेतात. काकासाहेब मात्र कधी फुंकायचे नाहीत. ते वीतभर अंतर ठेवून दोनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचे, माझी एक कळ केसभर इकडे फिरवायचे, एक केसभर तिकडे, आणि मग पुढे बोलायचे. हगाम्यात ते पैलवानांच्या जोड्या जाहीर करायला लागले की आखाड्यातला गलका आपोआप थांबायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. कुळवाला, विळ्याला, मोटारीला कुंकवाचं बोट लागतं. कर्ण्याला आणि ॲम्प्लिफायरलाही बाहेरून एकेक बोट मिळायचं. माझं मात्र काकासाहेब झाकण उघडायचे. म्हणायचे, “खरं काम आतली करत्यात, मग त्यास्नी नको व्हय?” आणि तेलात कालवलेलं कुंकू आतल्या एकेका भागाला लावायचे. झाकणाशी उभ्या राहिलेल्या त्यांच्या बायको राहीबाई दरवर्षी हळूच म्हणायच्या, की आवं, आत नका लावू. ते ऐकायचे नाहीत. मला तर तो मान फार आवडायचा. कर्णा फांदीवर टांगलेला राहायचा आणि माझी आतून पूजा व्हायची, यापरतं सुख कुठलं? त्यातून पुढे काय होणार आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

आता एक गोष्ट कबूल करतो. काकासाहेब दोन कर्ण्यांच्या मधे खुर्ची टाकून बसायचे, कारण तिथून त्यांना चारी बाजूंचा आवाज नीट कळायचा. अशी तीस वर्षं बसल्यावर त्यांच्या कानांनी हळूहळू अंग काढून घेतलं. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग पाखरं गेली, मग माणसं. तो आवाज कर्ण्याने फेकला हे खरं, पण उभा मी केला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तोवर गावात डीजे आले होते. काकासाहेबांनी कर्णे आणि ॲम्प्लिफायर विकून टाकले. मला त्यांनी ठेवलं, पण धान्याच्या खोलीतल्या फळीवर, बाजरीच्या कणगीशेजारी. मुलगा रामने त्यांना शिबिरातून कानाचं यंत्र आणून दिलं. ते कानात घातलं की पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, कुत्र्याचं भुंकणं सगळं एकदम अंगावर यायचं आणि माणूस काय बोलतो तेवढंच कळायचं नाही. चार दिवसांत त्यांनी ते डबीत घालून ठेवलं.

आणि मग एका दुपारी त्यांनी मला फळीवरून खाली घेतलं. फडक्याने पुसलं, माईक जोडला, स्वतःच्या कानांवर हेडफोन चढवले. राहीबाई समोर सुपात डाळ निवडत होत्या. माईक त्यांच्यापुढे ठेवून काकासाहेब म्हणाले, “बोल काहीतरी.”

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. चाळीस वर्षं लाऊडस्पीकरवाल्याच्या घरात राहून त्या माईकवर एकदाही बोललेल्या नव्हत्या. मला आधी फक्त सुपातली डाळ ऐकू आली. काकासाहेबांनी खर्ज कमी केला, धार वाढवली आणि वाट पाहत बसले. शेवटी राहीबाई अगदी हळू म्हणाल्या, “आवं, च्या निवतोय.”

काकासाहेबांनी कप उचलला आणि चहा पिऊन टाकला. रिकामा कप खाली ठेवला आणि माईक आणखी बोटभर त्यांच्याकडे सरकवला.

त्या दिवसापासून रोज दुपारी दोघं माझ्या दोन बाजूंना बसायला लागली. काय बोलायची म्हणाल, तर कोथिंबिरीचा भाव, रामचा सर्दी-खोकला, कुणाची म्हैस व्याली ते. हगाम्यात हजारो माणसांपर्यंत मी आवाज पोहोचवला होता. इथे एकाच माणसापर्यंत पोहोचवायचा होता, आणि खरं सांगतो, मला हे काम जास्त आवडलं. अशी आठ वर्षं गेली.

गेल्या साली माझ्या पोटात घरघर सुरू झाली. राधाकृष्ण मिस्त्रींनी वीस वर्षं सांगितली होती, माझ्या कंडेन्सरांनी त्याच्या दुपटीहून जास्त काढली. आतला ओलावा वाळून गेला होता. घरघर वाढत गेली, मग कळ फिरवली की खरखर व्हायला लागली आणि श्रावणातल्या एका दुपारी राहीबाईंचा शब्द त्या घरघरीत पार बुडाला. काकासाहेबांनी कळा फिरवून पाहिल्या. मग हेडफोन काढले, वायरीची नीट गुंडाळी केली आणि माझ्यावर फडकं टाकलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर राहीबाईंचं नवऱ्याशी बोलणंच बंद झालं. बाकीचे काकासाहेबांच्या कानाशी ओरडायचे, पण राहीबाईंचा आवाज मुळातच ठेंगणा, तो चढतच नाही. शिवाय गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं नवऱ्यावर ओरडायचं, हे त्यांच्या पिढीच्या बाईच्या मनालाच पटत नाही. लिहिता त्यांना येत नाही. नात रुपाली म्हणाली होती, “आजी, तू सांग, मी आबांना कागदावर लिहून देते.” तेव्हा राहीबाई म्हणाल्या, “समदंच दुसऱ्याच्या हातनं लिवून सांगायचं नसतं, बाय.”

रुपाली ही रामची मुलगी. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात वीज-पॅनेल तपासायचं काम करते. तिने मोबाईलवर आजीचा आवाज मोठा करून आबांच्या कानात सोडून पाहिला. पण त्यात ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचा, त्याने काकासाहेब आणखी गोंधळायचे.

अशातच राहीबाईंच्या गळ्यावर गाठ वाढली. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जिवाला तसा धोका नाही, पण आवाजाची नस गाठीला चिकटलेली दिसते. नंतर आवाज बसेल. परत येईल किंवा येणारही नाही. शुक्रवारची तारीख ठरली, गुरुवारी सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. रामने हे सगळं वडिलांना वहीच्या पानावर लिहून दाखवलं. काकासाहेबांनी ते दोनदा वाचलं. मग ते माझ्यापाशी आले, फडकं बाजूला केलं आणि माझ्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. रुपाली दारातून बघत होती.

शनिवारी संध्याकाळी तिने मला उचललं आणि खिडकीपाशी उजेडात ठेवलं. कारखान्यातून चार दिवसांची सुट्टी काढली. नऊ कंडेन्सरांची मापं मिस्त्रींनी माझ्या बुडाला कोरून ठेवली होती, ती टिपून घेऊन तिने रविवारी नगरहून नऊ नवे कपॅसिटर आणले, बारक्यांतले दोन-तीन जादाही घेतले, आणि सोमवारी सकाळी माझं झाकण उघडलं. कितीतरी वर्षांनी पोटात उजेड आला. मला लाज वाटली, कारण आत धूळ, कोळ्याची जाळी आणि कुंकवाचे थर होते. तिने ब्रशने धूळ झाडली, मोबाईलवर फोटो काढले आणि एकेक जुना कंडेन्सर काढून त्याच्या जागी नवा लावू लागली. हात तिचा चांगला आहे. डाग देताना ती श्वास रोखते हे पाहून मला फार बरं वाटलं.

पण एक गडबड झाली. तेलकट कुंकवाचा हात लागून लागून जुन्या कंडेन्सरांवरची छापील अक्षरं पुसून गेली होती. अधिक कुठलं आणि उणं कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. होता तो प्रत्येकाच्या एका टोकाला एक लाल ठिपका. जुन्या काळी अधिकच्या बाजूला अशी लाल खूण असायची, हे तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि ते काही खोटं नाही. तिने त्या ठिपक्यांवर विश्वास ठेवला. मला सगळं कळत होतं. पण कळून काय उपयोग, दुसऱ्याने बोलल्याशिवाय माझ्यातून आवाज निघत नाही.

दुपारी तिने पिन लावली. दहापर्यंत आकडे मोजावेत तेवढा वेळ गेला असेल, तोच माझ्यातला सगळ्यात मोठा कंडेन्सर फट्ट आवाज करून फुटला. धूर झाला. राहीबाई चुलीपासून धावत आल्या. रुपालीने पिन ओढून काढली आणि खाली बसून माझं पोट तपासू लागली. ओट्यावर बसलेल्या काकासाहेबांना काही ऐकू आलं नव्हतं, पण वास त्यांच्या नाकाला बरोबर कळला. ते आत आले.

“कंडेन्सर गेला व्हय?” त्यांनी विचारलं.

रुपालीने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेले जुने नऊ कंडेन्सर तिने त्यांना दाखवले, त्यावरच्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि हवेत अधिकची खूण काढली. काकासाहेबांनी चष्मा लावला, एक कंडेन्सर उचलला, अंगठ्याने चोळला आणि तो लाल झालेला अंगठा नातीपुढे धरला.

“पोरी, हे कुकू हाय,” ते म्हणाले. “अधिक न्हाई आन् उनं न्हाई. माजा हात पुढच्या अंगानं पोचायचा, म्हनून समद्यांच्या पुढच्या टोकाला लावीत गेलो.”

ते खरंच होतं. नऊही ठिपके माझ्या तोंडाच्या बाजूला होते, कंडेन्सर कसाही बसलेला असो. रुपालीला हसावं की रडावं ते कळेना. काकासाहेब मात्र तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. “मीच केलं म्हनायचं हे,” ते म्हणाले.

राहीबाई हळूच पुटपुटल्या, “दर साली सांगत हुते. ऐकलं का कदी? तवा तर कान बी चांगले हुते.” हे फक्त रुपालीने ऐकलं आणि मी. रुपाली रडता रडता हसली.

मग काकासाहेबांनी बाह्या सारल्या. “थेट लाईन दिली का गं याला? सिरीज बोर्ड न्हाई लावला? आमच्या मिस्त्रीनं कानाखाली वाजवली आसती.” धान्याच्या खोलीतून त्यांनी आपला जुना लाकडी बोर्ड काढून आणला. त्यावर एक बल्ब असतो आणि वीज आधी त्या बल्बातून मग यंत्रात जाते. यंत्रात काही वाईट असलं तर बल्ब भगभगतो आणि बाकी सगळं वाचतं. रुपालीच्या कारखान्यात महागडी उपकरणं आहेत, पण ही साधी युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती.

त्या दुपारी दोघांनी मिळून माझी एकेक वायर धुंडाळली. काकासाहेबांना मिस्त्रींचं एवढंच आठवत होतं, की ज्या कंडेन्सरचा एक पाय पत्र्याला जातो त्याचा तो पाय उणा. ज्यांचा कुठलाच पाय पत्र्याला जात नव्हता तिथे रुपालीने मीटर लावून मोजलं. ती पाटीवर आकडे लिहायची, ते बघून मान हलवायचे. रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर दोघा-तिघांवर जुनी छापील खूणही उमटली आणि ती त्यांच्या हिशेबाशी जुळली. एकूण तीन उलटे लागले होते. दोन तिने नवे लावले, तिच्याकडे जादा होते. तो मोठा मात्र एकच आणला होता. मंगळवारी ती एसटीने पुन्हा नगरला गेली. पहिल्या दुकानात तो मिळाला नाही, दुसऱ्यात मिळाला. मी दिवसभर उघड्या पोटाने पडून होतो आणि माझ्या मनात सारखा गुरुवार येत होता.

बुधवारी दुपारी बोर्डावरचा बल्ब क्षणभर चमकला आणि मंद होत विझत गेला. म्हणजे सगळं ठीक होतं. काकासाहेबांनी हेडफोन चढवले, कळ फिरवली आणि त्यांचा चेहरा पडला.

“मेलंय गं हे,” ते म्हणाले. “कायबी न्हाई आत.”

मित्रांनो, माझी घरघर एका दिवसात वाढलेली नव्हती. गेली कित्येक वर्षं ती बारीकशी होतीच आणि काकासाहेब ती ऐकूनच मी जिवंत असल्याचं समजायचे. आता ती नव्हती. मी जन्मलो त्या दिवशी जितका स्वच्छ होतो तितका पुन्हा झालो होतो, आणि त्या शांततेला ते मरण समजले. रुपालीने माईक आजीपुढे सरकवला आणि ती बाहेर जाऊन ओट्यावर बसली.

राहीबाई या वेळी पदर तोंडाला लावत बसल्या नाहीत. “आवं,” त्या म्हणाल्या.

काकासाहेबांनी झटकन मान वर केली.

“मिठाची बरनी वरच्या फळीवर हाय. गोळ्या तुमच्या सकाळच्या दोन, रातची एक. चुकवू नका.” मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. “आन् एक सांगायचं राहिलंच बगा. तुमी सेट घिऊन परगावी जायचात. कोसभरावर लगीन आसलं तरी वाऱ्यावर तुमचा आवाज यायचा. तुमी म्हनायचात, मंडळी, कार्येक्रम संपला. ते ऐकलं का मी चुलीवर तवा ठिवायची. सेट आवरून घरी यायला तुमाला ताशीक लागायचा, तवर भाकरी व्हायच्या. लोकं इचारायची, हिच्या भाकरी बरूबर येळंला गरम कशा.”

काकासाहेबांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. “मला काय ठावं,” ते म्हणाले. “मला वाटायचं, तू पडल्या पडल्या वाट बगत आसशील.”

“मी ऐकत आसायची,” राहीबाई म्हणाल्या.

मी आयुष्यात कितीतरी मोठी भाषणं पुढे पाठवली आहेत. पण ती चार वाक्यं पाठवताना मला वाटलं, आपला जन्म सार्थकी लागला. हे बोलायला मला संकोच वाटत नाही.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव सुखरूप राहिला. आवाज मात्र गेला. दहा दिवसांनी राहीबाई घरी आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून नुसती हवा निघत होती, शब्दांच्या आकाराची. डॉक्टर म्हणाले, सहा महिने थांबा, ताण देऊ नका. राम त्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायचा, रुपाली ऐकायची, सून ऐकायची. दोन शब्द कळायचे आणि चार निसटायचे. सांगून सांगून राहीबाई दमायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

तिसऱ्या दिवशी काकासाहेबांनी मला त्यांच्या उशाशी आणून ठेवलं. माईक अगदी ओठांजवळ धरला, खर्ज पार बंद केला, धारेची कळ जवळजवळ शेवटपर्यंत नेली. नुसता श्वास होता तो, पण नव्या कंडेन्सरांतून तो जसाच्या तसा आला, त्यातला एकेक शब्द मोकळा. जुन्या घरघरीत त्यातलं काहीच उरलं नसतं. काकासाहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “आलं. बोल.”

माझ्यासारखं कुणी तुमच्या घरात असेलच. पंखा असेल, शिलाई यंत्र असेल, आजोबांचा रेडिओ असेल. ते घरघर करायला लागलं की लगेच भंगारात काढू नका, आणि नुसतं फडकं टाकूनही ठेवू नका. आधी उघडून बघा आणि आत काय वाळलं आहे ते शोधा. बहुतेक वेळा बाकी सगळं धडधाकट असतं. घडवणाऱ्याने काही सांगून ठेवलं असेल तर ते लिहून ठेवा, कारण मान डोलावलेली गोष्ट लक्षात राहत नाही. आणि तुमच्या घरात कुणी हळू बोलत असेल, तर त्याला ‘मोठ्याने बोल’ म्हणण्याआधी आपण थोडं जवळ सरका. मी जन्मभर एवढंच केलं आहे.

सध्या आमच्या घरात एक गंमत चालते. राहीबाई काय म्हणतात ते ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना कळत नाही. कळतं ते फक्त ठार बहिऱ्या काकासाहेबांना. त्यामुळे सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत असतं. परवाही तसंच झालं. राहीबाई बराच वेळ बोलत होत्या, काकासाहेब हेडफोन धरून ऐकत होते आणि राम दारात उभा होता. बोलणं संपल्यावर त्याने हाताने खूण करून विचारलं, आई काय म्हणाली?

“कुत्र्याला भाकर टाक म्हनती,” काकासाहेब म्हणाले.

राम भाकरी आणायला गेला. राहीबाई एवढंच बोलल्या नव्हत्या. बाकीचं मी ऐकलं आहे, पण ते माझ्यासाठी नव्हतं.